आधी विहीर

डोकावे हे काही त्यांचं खरं आडनाव नव्हे. खरं आडनाव आता त्यांच्या बायकोलाही आठवून सांगावं लागतं. पंप दुरुस्तीला बोलावलं की हा माणूस पंपाकडे ढुंकूनही न बघता थेट विहिरीच्या काठाशी जायचा, गुडघ्यांवर हात ठेवून वाकायचा आणि आत डोकावायचा. मग एक खडा टाकायचा आणि डुबुक कधी वाजतं ते कान देऊन ऐकायचा. तेवढं झालं की मालकाकडे वळून विचारायचा, "पाणी किती खाली गेलंय?" मालकाचा जीव इकडे पंपात अडकलेला. तो करवादायचा, "अहो मिस्त्री, पंप बिघडलाय, विहीर नाही! तिकडे काय डोकावताय?" असं बऱ्याच जणांनी करवादून झाल्यावर एका खट्याळ बागवानाने त्यांचं नाव डोकावे ठेवलं. ते असं काही चिकटलं की एकदा त्यांच्या मुलीच्या शाळेत बाईंनी हजेरी घेतानाच 'डोकावे' अशी हाक मारली आणि मुलगी उभी राहून 'हजर' म्हणाली. घरी येऊन तिने हे सांगितलं तेव्हा बायको हसून हसून लोळायची तेवढी बाकी राहिली.

पंपाचं दुखणं बहुतेक वेळा एकच. मोटार फिरते, आवाज तर असा करते की आता पूर येईल, आणि नळाला पाणी बघावं तर करंगळीएवढं. मिस्त्री लोक याला 'ओढ कमी झाली' म्हणतात. ओढ कमी व्हायची कारणंही ठरलेली असतात. कुठला तरी जॉइंट ढिला होतो आणि पंप तिथून हवा खातो. तळाच्या झडपेत काडीकचरा अडकतो, झडप मिटत नाही, आणि पाइपात चढलेलं पाणी गुपचूप परत विहिरीत उतरतं. कधी वायसर झिजतो, कधी पाइपाला केसाएवढी चीर पडते. अशा वेळी डोकावे जॉइंटांना साबणाचा फेस फासायचे, आणि फेस जिथे आत खेचला जाईल तिथे बोट ठेवून म्हणायचे, "हा बघा चोर." पण हे सगळं मागाहून. आधी विहीर, मग पाना. घरात हे इतक्यांदा बोललं गेलं होतं की मुलगी लहान असताना दूध प्यायचा कंटाळा आला की पेल्यात डोकावायची आणि गंभीर तोंड करून म्हणायची, "आई, पातळी फार वर आहे. थोडं काढ."

या मुलीला घरी ठकू म्हणतात. ती पुढे येईलच.

डोकाव्यांचा आणखी एक बाणा होता. चांगल्या पंपावर आळ घ्यायचा नाही. दुसरे मिस्त्री धडधडीत चालणारा पंप मोडीत काढायला लावून नवा गळ्यात मारायचे, आणि असं काही कानावर आलं की डोकाव्यांच्या तळपायाची आग मस्तकात जायची. खरं ते तोंडावर सांगायचं, मग समोरच्याला गोड लागो नाहीतर कडू. एका उन्हाळ्यात एका बागेच्या मालकिणीने त्यांना बोलावलं. बाई पंपाभोवती घिरट्या घालत होती. "मिस्त्री, आत काहीतरी अडकलंय बघा. नीट बघा ना हो," असं विनवत होती. डोकावे विहिरीत बघून आले आणि म्हणाले, "बाई, पंप ठणठणीत आहे. विहीर आटलीय. माझ्यावर विश्वास ठेवू नका, या इकडे, स्वतः वाकून बघा." बाई वाकली, तिने बघितलं आणि ती काठावरच मटकन बसली. डोकाव्यांनी पाने पिशवीत टाकले आणि सायकलवर टांग मारून ते घरी आले. बायको म्हणाली, "अहो, जरा गोडीने सांगायचं ना तिला." त्यावर हे म्हणाले, "गोडीने सांगून पाणी येतं का?"

असा हा फटकळ माणूस. आता त्याची कशी फजिती झाली ते ऐका.

पुढे ठकूचं लग्न झालं, तिला दिवस गेले, सगळं छान चाललं होतं, आणि एके दिवशी अचानक पोट दुखायला लागलं. दिवस भरायच्या कितीतरी आधीच पोट फाडून बाळाला बाहेर काढावं लागलं. मुलगा झाला. एवढासा, ओंजळीत मावेल असा. त्याला काचेच्या पेटीत ठेवलं, नाकात नळी घातली, छातीवर तारा चिकटवल्या. जावयाची नोकरी दूरच्या गावी. तो बिचारा आठवड्याच्या शेवटी धावत यायचा आणि बाळाच्या पेटीपुढे उभा राहून डोळे पुसत परत जायचा. दवाखाना डोकाव्यांच्या घरापासून बसने दोन थांब्यांवर, म्हणून ठकू टाके सुकेपर्यंत आईबापांकडेच राहिली होती.

दवाखान्यातल्या सिस्टर मोठ्या मायाळू. पहिल्याच दिवशी त्यांनी डोकाव्यांना काचेपलीकडून बाळ दाखवलं आणि म्हणाल्या, "आजोबा, बाळ गुणी आहे. फक्त त्याला अजून दूध ओढता येत नाही. ओढ कमी आहे."

डोकावे दचकलेच. जन्मभर तोंडात घोळवलेला शब्द, पण तो असा माणसाच्या पिल्लाबद्दल ऐकायची वेळ येईल असं त्यांना वाटलं नव्हतं. "मग यावर उपाय काय?" त्यांनी विचारलं.

"वाट बघायची. तोवर नळीतून दूध देतो आम्ही. पण डब्याचं दूध त्याच्या पोटाला झेपत नाहीये, पोट फुगतं. आईचं दूध मिळालं तरच तो तग धरेल. जेवढं निघेल तेवढं रोज आणून द्या. थेंब थेंब मोलाचा आहे."

मग जावयाने दूध काढायचं ते मशीन आणलं. घरात त्याला कुणीच नावाने हाक मारायचं नाही. 'ते मशीन' म्हणायचं. ठकू आतल्या खोलीत दार लावून बसायची, आतून घरघर ऐकू यायची, आणि घरघर थांबली की डोकावे अंगणात जाऊन उगाच सायकलची साखळी तपासायचे. सुरुवातीला बाटली चांगली भरायची. बायको ती बर्फाच्या डब्यात ठेवून द्यायची आणि डोकावे तो डबा पान्यांच्या पिशवीत घालून दवाखान्यात पोचवायचे. वाटेत कुणी विचारलं, "काय मिस्त्री, कुणाचा पंप?" तर "घरचाच," म्हणायचे आणि पुढे निघायचे.

आणि मग दूध कमी व्हायला लागलं. आधी बाटली अर्धी राहिली, मग पाव, मग नुसता तळ झाकेल एवढंच. ठकू तासभर आत बसायची आणि बाहेर येऊन बाटली आईच्या हातात न देता टेबलावर ठेवून द्यायची. "ते मशीन ओढतच नाही," म्हणायची. "बिघडलंय ते." आणि पलंगावर जाऊन भिंतीकडे तोंड करून पडायची. दवाखान्यात यायचं नाव काढलं की टाक्यांवर हात ठेवायची. "टाके दुखतात. बस पकडायची, जिने चढायचे, मला नाही जमणार. तुम्हीच जा ना, बाबा." सुरुवातीला एकदा ती बाळाला बघून आली होती, तेवढंच.

एका सकाळी बायकोने मशीन डोकाव्यांपुढे आणून आदळलं. "अहो, जन्मभर लोकांचे पंप खोललेत. आता पोरीचा बघा."

"मी?" डोकाव्यांचे कान लाल झाले. "अगं, हे वेगळं आहे. ते पाण्याचे पंप."

"पंप तो पंप! हे ओढतं, तेही ओढतं. लाजताय काय नव्या नवरीसारखे? तिकडे लेकरू उपाशी आहे." बायकोचा आवाज शेवटच्या शब्दाला फुटला. मग मात्र डोकावे मुकाट्याने मशीन उचलून मागच्या अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये गेले.

मशीन म्हणजे मुठीएवढी मोटार, तिच्यातून निघालेली बारीक नळी, एक नरसाळं, नरसाळ्याखाली बाटली आणि मधोमध नखाएवढी पांढरी रबराची झडप. ते नरसाळं कुठे लागतं हे ठाऊक असल्यामुळे डोकाव्यांनी आधी त्याच्यावर स्वच्छ फडकं टाकलं आणि फक्त मोटार तपासली. मोटार ठीक. नळी उजेडात धरून इंचाइंचाने बघितली, चीर नाही. जॉइंटांना फेस लावला, एक बुडबुडासुद्धा आत गेला नाही. मग भिंग लावून ती झडप बघितली आणि त्यांना हसूच आलं. अरे, ही तर आपल्या तळाच्या झडपेचीच नात! तीही अखंड, लुसलुशीत. शेवटी नाइलाजाने फडकं काढलं, मशीन सुरू केलं आणि नरसाळ्यावर तळवा ठेवला. मशीनने तळवा असा ओढला की सोडवताना पॉक करून आवाज झाला. तळवे राठ असल्याने आपल्याला नीट कळत नसेल असं वाटून त्यांनी नरसाळं गालाला लावलं. ते गाल ओढून घेतंय, सोडतंय, ओढून घेतंय, सोडतंय, डोकाव्यांचे डोळे एकाग्रतेने मिटलेले, आणि नेमकी तेव्हाच बायको चहा घेऊन दारात.

ती आधी बघतच राहिली. मग तिने पदर तोंडात कोंबला, तरी हसू काही आवरेना. चहा बशीत सांडला. डोकावेही हसले. त्या घरात बऱ्याच दिवसांनी कुणीतरी हसलं होतं. हसता हसता बायकोने त्यांच्या गालावरचं लालभडक वर्तुळ बघितलं आणि ती एकदम थांबली. "जोरात ओढतंय की हो," ती म्हणाली.

"हो," डोकावे म्हणाले.

बायको कप ठेवून आत गेली. डोकाव्यांनी शेवटची परीक्षा म्हणून नरसाळं भांड्यातल्या पाण्यात बुडवलं. पाणी सरसर वर चढलं आणि बाटली बघता बघता भरली. पंप ठणठणीत होता. आता दुसरं कुणी गिऱ्हाईक असतं तर डोकाव्यांनी पाना खाली ठेवून सरळ सांगितलं असतं, पंपाला बोल लावू नका, विहीर बघा. ते वाक्य त्यांच्या जिभेवर आयतं बसलेलं होतं. पण तोंड उघडल्यावर पुढे कोण बसलंय? आपली ठकू. त्यांना ती बागेची मालकीण आठवली, विहिरीच्या काठावर मटकन बसलेली. तेव्हा तिच्या तोंडाकडे आपण नीट बघितलंसुद्धा नव्हतं, हे आत्ता त्यांच्या ध्यानात आलं.

ते घरात गेले. ठकू पलंगावर उठून बसली होती, केस विस्कटलेले, डोळ्यांखाली काळं. "सापडलं, बाबा?"

ती त्यांच्याकडे डोळे लावून बघत होती. "सापडलं," ते म्हणाले. "झडप गेलीय. ओढ कुठून राहणार! बदलतो मी."

ठकूने डोळे मिटले आणि मोठा श्वास सोडला. "तरी मी म्हणतच होते," ती म्हणाली आणि कितीतरी दिवसांनी आईकडे वळून तिने काहीतरी खायला मागितलं. आयुष्यात पहिल्यांदाच डोकाव्यांनी चांगल्या पंपावर आळ घेतला होता, आणि त्यांना त्याचं काडीचंही वाईट वाटलं नाही.

वाईट नंतर वाटायला लागलं. एक खोटं बोललं की त्याच्यामागे दुसरं चालत येतं. ते बाजारात बाळांच्या सामानाच्या दुकानात गेले आणि गडबडीत काउंटरवरच्या मुलीला म्हणाले, "एक फूटव्हॉल्व्ह द्या," म्हणजे विहिरीतली तळाची झडप. ती गोंधळून म्हणाली, "काका, हार्डवेअर पलीकडे आहे." खाणाखुणा करून, नख दाखवून, घामाघूम होऊन त्यांनी एकदाची नवी झडप मिळवली. घरी आणून चांगली झडप काढली आणि तिच्या जागी तशीच चांगली दुसरी बसवली. ठकूने मोठ्या आशेने मशीन आत नेलं. बाहेर आई आणि बाप, दोघं दाराकडे कान लावून. घरघर थांबली, दार उघडलं. बाटलीचा तळसुद्धा झाकला नव्हता.

"नळी असेल मग," डोकावे घाईघाईने म्हणाले. दुसऱ्या दिवशी नळी बदलली. तिसऱ्या दिवशी मोटार खोलून पुसून पुन्हा बसवली आणि "आता बघ" म्हणाले. प्रत्येक वेळी ठकू दार लावून घ्यायची, आणि प्रत्येक वेळी थोडं कमीच निघायचं. डोकाव्यांना सगळं कळत होतं आणि करता काहीच येत नव्हतं. इतकी वर्षं लोकांच्या कोरड्या नळांना पाणी आणून दिलं, आणि स्वतःच्या घरात हात बांधल्यागत झाले होते. बायको चूल सांभाळत होती, लेकीच्या उशाशी बसत होती, तिचे केस विंचरत होती. डोकाव्यांना तेही करता येईना. ते नुसते शेडमध्ये बसून चांगल्या मशीनचे स्क्रू काढायचे आणि परत लावायचे.

दवाखान्यात सिस्टरांनी बाटली उजेडात धरून बघितली. "आजोबा, एवढंच?"

"मशीन बिघडलंय," डोकावे खाली बघून म्हणाले.

"मग लवकर करून घ्या हो दुरुस्त. वजन पुन्हा उतरलंय त्याचं." आणि मग रोजचं वाक्य, "आईला का नाही आणत? बाळाला आईच्या छातीशी नुसतं धरलं ना, तरी फरक पडतो. दुधालाही आणि बाळालाही."

"तिचे टाके..." असं काहीसं पुटपुटून डोकाव्यांनी काचेकडे तोंड फिरवलं. आत पेटीत तो पडला होता. छाती भराभर वरखाली होत होती. तोंड मात्र बंद, पाणी उतरून गेलेल्या पंपासारखं गप्प.

त्यानंतर एका दुपारी बायको किराणा आणायला गेलेली, घरात दोघंच. ठकूने हाक मारली. "बाबा, इकडे या जरा."

ते दारात जाऊन उभे राहिले. हातात सवयीने स्क्रूड्रायव्हर.

"तुम्ही मला पाण्याचं विचारलंच नाहीत," ठकू म्हणाली.

"कसलं पाणी?"

"तुम्ही कुणाचाही पंप खोलायच्या आधी विहीर बघता. अख्खं गाव त्यावरून तुम्हाला हसतं. शाळेत मला त्यावरून चिडवायचे. आणि माझ्या वेळेला तुम्ही सरळ पाना घेऊन बसलात. नीट जेवतेस का, झोपतेस का, तुला काय होतंय, एका शब्दानेही विचारलं नाहीत. तेव्हाच मला शंका आली." तिचा आवाज शांत होता. "पंप चांगला आहे ना, बाबा?"

डोकाव्यांच्या तोंडचं पाणी पळालं. पण विचारणारी त्यांचीच लेक होती, 'डोकावे' म्हटल्यावर 'हजर' म्हणणारी. "आहे," ते म्हणाले. "चांगला आहे."

"पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून."

ती रागावेल, रडेल, असं त्यांना वाटलं होतं. तिने नुसती मान हलवली. "मग मीही खरं सांगते. टाके केव्हाच दुखायचे थांबलेत." ती चादरीचा कोपरा चुरगाळायला लागली. "ओढ मशीनची कमी नाही, बाबा. माझी कमी आहे. मला त्याची ओढच वाटत नाही. सगळ्या म्हणतात, बाळाला बघितलं की पान्हा फुटतो. मी बघितलं त्याला. मला नुसती भीती वाटली. त्या नळ्या, त्या तारा, ते काडीसारखे पाय. वाटलं, हे दुसऱ्याच कुणाचं तरी आहे, मला चुकून दिलंय. तिथून पळून यावंसं वाटलं. मशीन लावून बसते तेव्हा त्याचं तोंड आठवायचा प्रयत्न करते, तर आठवतसुद्धा नाही. अशी कुठे आई असते का? मी वाईट आहे का हो, बाबा?"

"छे, छे, वेडी का तू," एवढंच डोकाव्यांच्या तोंडून निघालं. डोकं मात्र सवयीने धावत होतं. जॉइंट आवळावा, वायसर बदलावा, फेस लावावा. कोरडा पंप कितीही फिरवला तरी ओढत नाही, आधी वरून आपण त्याच्यात पाणी ओतावं लागतं, ते ओतावं. हे सुचल्यासरशी ते तिरीमिरीत स्वयंपाकघरात गेले, पेला भरला आणि तिच्यापुढे धरला.

ठकूने पेल्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. "मला तहान नाही लागली, बाबा," ती म्हणाली.

डोकावे पेला हातात धरून तसेच उभे राहिले. ठेवावा की प्यावा तेही त्यांना कळेना. ठकूने हात लांब करून टेबलावरची बाटली त्यांच्याकडे सरकवली. तळाशी दोन-चार थेंब एकत्र आले होते, तेवढेच. "हे घेऊन जाता का? नेण्यासारखं नाहीये, पण टाकवत नाही."

त्यांनी ते नेलं. बर्फात घालून, पान्यांच्या पिशवीतून, जणू काही भरलेली बाटली आहे असं सांभाळून. सिस्टरांनी बाटली उजेडात धरली. त्या काही विचारायच्या आत डोकावे म्हणाले, "मशीन चांगलं आहे, सिस्टर. मशीनला काही झालेलं नाही. मी खोटं बोललो. दूधच नाहीये." आणि मग त्यांना एकदम रडू आलं. एवढा फटकळ माणूस, दवाखान्याच्या पॅसेजमध्ये भिंतीला टेकून हुंदके द्यायला लागला.

सिस्टरांनी त्यांना रडू दिलं. मग म्हणाल्या, "या माझ्याबरोबर. हात धुवा आधी." त्यांनी कापसाचा बोळा केला, त्या थेंबांत भिजवला आणि पेटीच्या बाजूच्या गोल खिडकीतून हात घालून बाळाच्या ओठांना लावला. "नळीत घालण्याएवढं नाही हे. पण चव तरी कळू दे त्याला."

बाळ हललं नाही. सिस्टरांनी बोळा तसाच धरून ठेवला. आणि मग त्या ओठांना किंचित मुरड पडली. हनुवटी खाली गेली, वर आली. गालाला एवढीशी खळगी पडली आणि बोळा सिस्टरांच्या चिमटीतून आत खेचला गेला. त्यांनी तो हळूच मागे घेतला, तर तो परत खेचला. डोकाव्यांनी असं खेचणं हजारदा बघितलं होतं, फेसाचं, पाण्याचं, तळव्याचं. ते काचेला नाक लावून बघत राहिले.

"ओढतोय," सिस्टर म्हणाल्या. "आजोबा, आज पहिल्यांदा ओढतोय! पण आता दमेल. फार जीव नाही त्याच्यात. आईला आणा हो, मी रोज सांगते."

डोकावे बसची वाट न बघता चालतच सुटले. घरी पोचेपर्यंत धाप लागली होती. बायको किराण्याच्या पिशव्या रिकाम्या करत होती, तिला ओलांडून ते सरळ आतल्या खोलीत गेले. "ठकू! अगं, ओढलं त्याने! सिस्टरांनी कापूस लावला, तुझं दूध लावून. असा ओढला बघ, असा!" त्यांनी आपलंच बोट ओठांत धरून ओढून दाखवलं.

ठकू त्यांच्याकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत काहीतरी हललं आणि लगेच विझलं. "खरं सांगताय?"

"अगं, खरं म्हणजे काय! माझ्या डोळ्यांनी बघितलं!"

"झडपेचंही असंच सांगितलं होतंत," ती म्हणाली. "नळीचंही. मोटारीचंही." तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. ती नुसती थकलेली होती. "माझं मन राखायला सांगत असाल तर नका सांगू, बाबा."

डोकाव्यांनी शपथ घ्यावी तर ती कुणाची? त्या पोराची घ्यायची हिंमत नव्हती. जन्मभर खरं बोलून जमवलेली सगळी पत त्यांनी एका झडपेपायी घालवली होती, आणि आज खरं सांगायची वेळ आली तर ते खरं आहे हे पटवायला जवळ काही उरलं नव्हतं. दारात बायको उभी होती. तीही त्यांच्याकडे तशीच बघत होती, विश्वास ठेवावा की नाही अशी.

शेवटी डोकावे म्हणाले, "माझ्यावर विश्वास नको ठेवूस. चल. स्वतः वाकून बघ."

मग ठकूने पाय पलंगाखाली सोडले. बायको लगबगीने तिची शाल आणायला गेली. ठकू उठली, दाराच्या चौकटीपर्यंत आली आणि तिथे थांबली. तिने चौकट घट्ट धरली होती.

"आणि तिथे जाऊनही मला काहीच वाटलं नाही तर?" तिने विचारलं.

कुठलाही पंप न ओढायला काय कारण असतं ते डोकाव्यांना विचारावं. त्यांच्याकडे उत्तर नाही असं कधी झालं नव्हतं. त्यांनी तिच्याकडे बघितलं.

"माहीत नाही गं," ते म्हणाले. "मला खरंच माहीत नाही."

ठकूने मान डोलावली. हे तिला पटलं असावं. डोकावे खाली वाकले आणि तिच्या चपला सरळ करून तिच्या पायांपुढे ठेवल्या. तिने एक पाय घातला, आणि दुसरा घालायच्या आधी त्यांचा दंड धरला.